दाढेवर कोणती कॅप टिकते: मेटल-सिरॅमिक, ई-मॅक्स आणि झिरकोनियाची परीक्षा

दातांच्या दवाखान्यातल्या दरपत्रकावर कॅपचे तीन-चार प्रकार लिहिलेले असतात. मेटल-सिरॅमिक, लेअर्ड झिरकोनिया, फुल झिरकोनिया, ई-मॅक्स. प्रत्येकापुढे दर, आणि काहींपुढे वॉरंटीची वर्षं. नागपुरातलं धंतोली असो, रामदासपेठ असो की महालातला जुना दवाखाना, पेशंटला दिसतं ते एवढंच, आणि तो हिशोब लावतो की दर जितका चढा तितकी कॅप मजबूत. हे परीक्षण त्या दरपत्रकाचं आहे. रोज जेवणाऱ्या आणि अधूनमधून सुपारीही चावणाऱ्या माणसाच्या दाढेवर यातली कोणती कॅप टिकेल, आणि तुटली तर कुठून व का तुटेल, एवढाच प्रश्न इथे आहे. दिसण्याचा विचार ओघात येईल तेवढाच.

निकाल आधीच सांगून टाकतो. दाढेसाठी पहिली पसंती फुल झिरकोनियाला, म्हणजे ज्याच्यावर वेगळा पोर्सिलेनचा थर चढवलेला नाही अशा कॅपला. उपदाढा आणि पुढच्या दातांसाठी ई-मॅक्स. लांब ब्रिज (पडलेल्या दाताची जागा भरणाऱ्या जोडलेल्या कॅप) किंवा बेताचं बजेट असेल तर मेटल-सिरॅमिक आजही चांगलं, फक्त आतला धातू नीट आकाराचा हवा. लेअर्ड झिरकोनिया दाढेवर नको. आणि यातलं काहीही डॉक्टरने जागा न देता बसवलं तर दरपत्रकातला शेवटचा, सगळ्यात महाग प्रकारही पैसे पाण्यात घालणाराच ठरतो.

मेगापास्कलचा आकडा

जाहिरातीत आणि वॉरंटी कार्डावर जो आकडा झळकतो तो वाकवण्याच्या ताकदीचा, मेगापास्कलमध्ये. साधं फेल्डस्पारचं पोर्सिलेन ६० ते १०० च्या घरात असतं. ल्यूसाइटचे स्फटिक घातलेलं १२० ते १६०. ई-मॅक्स म्हणजे लिथियम डायसिलिकेटचे स्फटिक असलेली काच, साधारण ३६० ते ५००. जास्त पारदर्शक असलेलं ५वाय झिरकोनिया ५०० ते ७००, आणि जुनं, जरा पांढुरकं दिसणारं ३वाय झिरकोनिया ९०० ते १२००. इथे 'वाय' म्हणजे झिरकोनियात मिसळलेलं यट्रिया हे ऑक्साइड. आकडा त्याचं प्रमाण सांगतो.

आकडे खोटे नाहीत. पण ते पॉलिश केलेल्या पट्टीवर किंवा चकतीवर, ठरावीक जाडीत काढलेले असतात. तोंडात गोष्ट वेगळी. पोर्सिलेन दाबाला भक्कम आणि ताणाला कच्चं. दाढेने चावलं की कॅपच्या वरच्या बाजूवर दाब येतो, पण खालचं डेंटिन, म्हणजे दाताचा आतला मुख्य थर, कॅपपेक्षा कितीतरी लवचीक असल्यामुळे कॅप किंचित वाकते आणि तिच्या आतल्या, सिमेंटकडच्या बाजूवर ताण येतो. डेंटिनचा कडकपणा सुमारे १८ गिगापास्कल, ई-मॅक्सचा ९५, झिरकोनियाचा २१०. आतल्या बाजूला ओरखडा किंवा बारीक बुडबुडा असेल तिथून चीर निघते. वरून काहीच दिसत नाही. त्या चिरेच्या टोकाशी ओलावा पोचला की काचेतले बंध एकेक करून सुटत जातात आणि चीर महिनोन्‌महिने पुढे सरकत राहते. फरशीखालचा माल पोकळ राहिला तर भारीतली फरशीसुद्धा तडकते, तसंच हे. म्हणून "मऊ पोळी खाताना कॅप तुटली" ही तक्रार अगदी खरी असते. पोळीचा त्यात दोष नसतो, काम आधीच झालेलं असतं.

आता जाडीचा हिशोब. आतून निघणाऱ्या अशा चिरेसाठी लागणारा भार साधारणपणे पदार्थाच्या ताकदीच्या पटीत वाढतो, आणि जाडीच्या वर्गाच्या पटीत. कॅप निम्म्या जाडीची झाली तर ताकद निम्मी होत नाही, पाव होते. दीड मिमी जाडीचं ई-मॅक्स घ्या, ताकद ४०० धरा. दीडचा वर्ग २.२५, म्हणजे गुण ९००. आता ०.७ मिमीचं ३वाय झिरकोनिया घ्या, ताकद १०००. सातदशांशचा वर्ग ०.४९, गुण ४९०. त्याच जाडीचं ५वाय घेतलं तर ३०० च्या आसपास. हिशोब ढोबळ आहे, त्यात सिमेंट आणि खालच्या गाभ्याचा कडकपणा धरलेला नाही, पण दिशा पक्की आहे. अर्धा मिमी जागा कमी घासली तर झिरकोनियाची सगळी आघाडी संपते. कार्डावर 'बाराशे मेगापास्कल' छापलेलं असतं, जाडी कुठेच छापलेली नसते.

एकेका दाताच्या कॅपवरचे जगभरचे अभ्यास एकत्र करून २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात पाच वर्षांनंतर तोंडात टिकून राहिलेल्या कॅपचं प्रमाण मेटल-सिरॅमिकमध्ये ९४.७ टक्के, ल्यूसाइट आणि लिथियम डायसिलिकेटमध्ये ९६.६, साध्या फेल्डस्पारच्या पोर्सिलेनमध्ये ९०.७, आणि झिरकोनियामध्ये ९२.१ टक्के निघालं. सगळ्यात मजबूत पदार्थ पहिला आला नाही. त्या काळातल्या झिरकोनिया कॅप बहुतांशी लेअर्ड होत्या, आणि वरचा थर उडण्याचं दुखणं त्यांना होतं. तिकडेच आता वळू.

लेअर्ड झिरकोनिया: दाढेवर नको

आत झिरकोनियाचं टोपण, वर हाताने रचून भट्टीत भाजलेलं पोर्सिलेन. आतलं टोपण हजार मेगापास्कलचं, वरचा थर शंभराच्या आतला. चावण्याचा मार खातो तो वरचा थर. टोपण तुटत नाही, वरचा टवका उडतो.

कारणं दोन. एक, झिरकोनिया उष्णता फार हळू सोडतं. भट्टीतून कॅप झटकन बाहेर काढली तर पोर्सिलेन बाहेरून आवळून थिजतं आणि आत मात्र अजून गरम असतं. थंड होताना त्या थरात ताण अडकून बसतो आणि पहिल्या दिवसापासून कॅप त्या ताणासकट तोंडात जाते. यावर उपाय माहीत आहे: शेवटच्या भाजणीनंतर भट्टीतच सावकाश थंड करायचं. पण घाईच्या लॅबमध्ये पहिली काटछाट तिथेच होते. दुसरं कारण आकाराचं. टोपण सगळीकडून सारखं पातळ, अर्ध्या मिमीचं कापलं की दाढेच्या उंचवट्यांखाली आधार राहत नाही आणि तिथे पोर्सिलेन दोन-अडीच मिमी जाड होतं. आधार नसलेलं पोर्सिलेन दोन मिमीच्या वर गेलं की टवका ठरलेला.

पुढच्या दातावर, जिथे खोली आणि पारदर्शकता हवी, तिथे लेअर्ड झिरकोनिया सुरेख दिसतं. ओठांकडच्या बाजूला थर आणि चावण्याची सगळी बाजू नुसत्या झिरकोनियाची, अशी करून मागा. दाढेवर 'जास्त नैसर्गिक दिसेल' म्हणून कोणी सुचवलं तर नको म्हणा. शेवटच्या दाढेकडे आरशातही कोणी पाहत नाही.

फुल झिरकोनिया

अख्खी कॅप एकाच ठोकळ्यातून मशीन कापतं. कापताना ठोकळा खडूसारखा मऊ, आणि कॅप मुद्दाम वीस-पंचवीस टक्के मोठी कापलेली. मग सुमारे १५०० अंशांवर भाजली की आकसून मापात येते. ३वाय झिरकोनियाची खुबी अशी की चीर पुढे सरकायला लागली की तिच्या टोकाजवळचे स्फटिक रूप बदलतात, तीन ते पाच टक्के फुगतात आणि चिरेलाच दाबून धरतात. यट्रिया वाढवून ५वाय केलं की पारदर्शकता येते, पण ही खुबी जवळजवळ नाहीशी होते. म्हणून 'प्रीमियम', 'अल्ट्रा', 'सुपर ट्रान्सलुसंट' अशी नावं दिसली की दाढेसाठी ती वरचढ समजू नका. ती पुढच्या दातांसाठी आहेत. दाढेसाठी ३वाय किंवा ४वाय मागा. डॉक्टरांना सरळ विचारा, "ठोकळा किती वायचा?" कंपनीचं नाव त्यानंतर. लावा, कटाना, सर्कॉन, झेनोस्टार ही नावं ऐकायला येतात, पण एकाच कंपनीचे ठोकळे निरनिराळ्या ताकदीचे असतात, त्यामुळे नुसत्या नावावरून काही ठरत नाही.

जाडी: चावण्याच्या बाजूला ३वायसाठी निदान ०.७ ते १ मिमी, ५वायसाठी एक मिमीच्या खाली अजिबात नाही. कडेला अर्धा मिमी चालतो.

झिरकोनियाबद्दलची नेहमीची भीती ही की ते समोरचा दात खाऊन टाकतं. पॉलिश केलेलं झिरकोनिया समोरच्या एनॅमलला पोर्सिलेनपेक्षा कमीच घासतं, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. घासतं ते खरबरीत झिरकोनिया. आणि खरबरीत कसं होतं? कॅप बसवल्यावर "उंच लागतंय" म्हटलं की डॉक्टर निळा कागद चाववून खूण पाहतात आणि हिऱ्याच्या बरने (घासायच्या फिरत्या टोकाने) खूण घासतात. इथपर्यंत सगळं ठीक. यानंतर पॉलिशचे रबर चाकं जाड, मध्यम, बारीक अशा क्रमाने आणि शेवटी हिऱ्याची पेस्ट, हे झालंच पाहिजे. ग्लेझ, म्हणजे भाजून चढवलेला चकचकीत थर, पुन्हा चढवणं हा पर्याय नाही. ग्लेझचा पातळ थर काही महिन्यांत झिजतो आणि खालचे बरचे ओरखडे उघडे पडतात. पाणी न मारता कोरडं घासलं तर वेगळंच: उष्णतेने बारीक चिरा पडतात. दवाखान्यातून निघण्याआधी जिभेचं टोक घासलेल्या जागेवर फिरवा. शेजारच्या दातापेक्षा खरखरीत लागलं तर तिथेच सांगा. कटकट वाटली तरी चालेल, सांगा.

ई-मॅक्स

ईव्होक्लार कंपनीचं हे लिथियम डायसिलिकेट दोन वाटांनी बनतं. एकात मेणाची कॅप करून साच्यात काच ९०० अंशांच्या वर दाबून भरतात. दुसऱ्यात मशीन जांभळट-निळा ठोकळा कापतं. त्या अवस्थेत तो मऊ असतो आणि ८४० अंशांच्या आसपास भाजला की स्फटिक वाढून दाताचा रंग येतो. दुसऱ्या वाटेत ही भाजणी मधेच तोडली तर रंग आला असला तरी ताकद पुरती येत नाही.

ई-मॅक्सची खरी ताकद कॅपमध्ये कमी आणि चिकटवण्यात जास्त आहे. झिरकोनियावर आम्लाचा परिणाम होत नाही, ई-मॅक्सवर होतो. आतली बाजू ५ टक्के हायड्रोफ्लोरिक आम्लाने २० सेकंद, नंतर भरपूर पाणी, कोरडं करून सिलेन (काच आणि रेझिन यांना जोडणारं द्रव्य) साठ सेकंद, आणि मग रेझिन सिमेंट. दाताच्या बाजूला एनॅमलला ३७ टक्के फॉस्फरिक आम्ल. हे नीट झालं की कॅप, सिमेंट आणि दात एक होतात, आतल्या चिरा रेझिनने भरून निघतात आणि चिकटवलेली कॅप नुसत्या सिमेंटवर बसवलेल्या कॅपपेक्षा बरीच जास्त भार घेते. वीस सेकंदांचं साठ सेकंद केलं तर फायदा होत नाही, काच जास्त खाल्ली जाते आणि ताकद उतरते. तोंडात ट्रायल झाली की लाळेचा थर आतल्या बाजूला चिकटतो, म्हणून ट्रायलनंतर पुन्हा साफ करून सिलेन मारायचं. हा टप्पा गाळला की कॅप लवकर हातात येऊ शकते.

जागा दीड मिमी हवी. उत्तम चिकटवलेलं असेल तर एक मिमीवर भागतं. कड हिरडीच्या खाली खोल असेल, रक्त-लाळ आवरत नसेल, तर चिकटवणं नीट होणार नाही आणि ई-मॅक्सचा मुख्य गुणच वाया जातो. तिथे झिरकोनिया घ्यावं. दाढेचा ब्रिज ई-मॅक्सचा करू नये. ते तीन दातांच्या ब्रिजलाही दुसऱ्या उपदाढेपर्यंतच चालतं आणि जोडाची जागा १६ चौरस मिमी मागतं. झिरकोनियाला दाढेच्या तीन दातांच्या ब्रिजमध्ये ९ चौरस मिमी पुरते.

झिरकोनियाही नीट चिकटवता येतं, पण रीत वेगळी. आतल्या बाजूवर ५० मायक्रॉनच्या अॅल्युमिनाचा मारा, दाब दोन बारच्या आत, आणि मग एमडीपी (झिरकोनियाला पकडणारं रसायन) असलेला प्रायमर. ट्रायलनंतर फॉस्फरिक आम्लाने 'साफ' केलं तर उलटं होतं: फॉस्फेट झिरकोनियाला चिकटून बसतं आणि प्रायमरला जागाच उरत नाही. त्यासाठी वेगळी क्लिनिंग पेस्ट मिळते. दात उंच आणि नीट घासलेला असेल तर साध्या ग्लास आयोनोमर सिमेंटवरही झिरकोनिया टिकतं. दाढ बुटकी असेल, चार मिमीच्या आतली, तर मात्र वरची रीत हवीच.

मेटल-सिरॅमिक

धातूवर पोर्सिलेन भाजायची आजची रीत १९६२ च्या अमेरिकी पेटंटांपासूनची. इतक्या वर्षांत तिच्या खोडी सगळ्यांना माहीत झाल्या आहेत, हाच तिचा मोठा गुण. आत ०.३ ते ०.५ मिमी धातू, वर एक-दीड मिमी पोर्सिलेन. धातू थंड होताना पोर्सिलेनपेक्षा किंचित जास्त आकसतो, त्यामुळे पोर्सिलेन कायम दाबाखाली राहतं आणि ताणाला लवकर बळी पडत नाही. दोघांची आकसण्याची जोडी जुळली नाही, म्हणजे एका कंपनीचा धातू आणि दुसऱ्याचं न जुळणारं पोर्सिलेन, तर काही आठवड्यांत टवके उडायला लागतात.

स्वस्त कामात चूक होते ती ओतकामात. आधीच्या ओतणीतून उरलेलं बटन (धातूचा गोळा) पुन्हा वितळवून वापरलं की निकेल-क्रोमच्या पृष्ठभागावरचा ऑक्साइड बिघडतो आणि पोर्सिलेन पकड घेत नाही. अशी कॅप तुटते तेव्हा टवक्याच्या मागे काळा धातू स्वच्छ उघडा पडतो. टवक्याच्या जागी पोर्सिलेनचा थर शिल्लक असेल तर दोष धातूचा नाही, चाव्याचा किंवा आकाराचा. दंतवैद्य ही खूण पाहूनच सांगू शकतो की चूक लॅबची की खुर्चीवरची.

हिरडीजवळची करडी रेघ आणि निकेलची अॅलर्जी या दोन तक्रारी खऱ्या आहेत. खोटे दागिने घातल्यावर ज्यांना कानाला किंवा मनगटाला खाज सुटते त्यांनी कोबाल्ट-क्रोम मागावं किंवा धातूच टाळावा. चार-पाच दातांचा ब्रिज असेल, तर मेटल-सिरॅमिक आजही झिरकोनियाच्या बरोबरीने विचारात घ्यावं, कारण मधला खांब नसलेल्या ब्रिजची लांबी दुप्पट झाली की वाक आठपट होतो आणि धातू थोडं वाकून सावरतो, सिरॅमिक सावरत नाही.

दरपत्रकावर सहसा नसलेला एक प्रकार आहे: नुसत्या धातूची कॅप. शेवटच्या दाढेला, जिथे जागा नाही आणि भार सगळ्यात जास्त, तिच्यासारखं टिकाऊ काही नाही. अर्धा ते एक मिमीत भागते, टवका उडायला वर काही नसतंच. पण तोंडात चमकणारा धातू कोणालाच नको असतो, म्हणून कोणी सुचवतही नाही. मागितली तर मिळते.

खर्रा, सुपारी आणि बाकी

नागपूर-विदर्भात कॅपच्या आयुष्याचा विचार खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचं मिश्रण, सोडून करता येत नाही. पन्नीत घोटलेल्या खर्‍यातली सुपारी ही कुठल्याही सिरॅमिकला रोजच्या जेवणापेक्षा कठीण परीक्षा आहे. एकाच बाजूला, एकाच उंचवट्यावर, दिवसातून कितीतरी वेळा. पुरुषाच्या दाढांमधला जोर सहज ५००-६०० न्यूटनपर्यंत जातो आणि सुपारीचा तुकडा तो सगळा एका बिंदूवर आणतो. पण खरी अडचण आणखी आधीची आहे. वर्षानुवर्षं खर्रा खाणाऱ्यांचं तोंड उघडायचं कमी होतं, गालाची आतली बाजू कडक पांढरी पडते. दोन बोटं जेमतेम जात असतील तर डॉक्टरचं हत्यार शेवटच्या दाढेपर्यंत सरळ पोचत नाही, मागची बाजू कमी घासली जाते, माप नीट येत नाही, आणि कॅप नेमकी तिथे पातळ होते. अशा तोंडात कॅपच्या आधी त्या आजाराचा इलाज, कारण तो कर्करोगाच्या वाटेवरचा आजार आहे. कॅप थांबू शकते.

खर्रा न खाणाऱ्यांसाठी: सावजी मटणातलं हाड कॅपच्या बाजूने फोडू नका, आणि मेमधल्या पंचेचाळीस अंशांत बर्फाचे खडे चावायची सवय असेल तर ती कॅपला जास्त नडते. सावजीचा तर्रीदार मसाला ग्लेझला रंगवत नाही, पण सिमेंटची कड आणि कॉम्पोझिटची (दाताच्या रंगाच्या रेझिनची) डागडुजी पिवळी पाडतो. झोपेत दात खाणाऱ्यांनी कुठलीही कॅप घेतली तरी कडक अॅक्रिलिकचा नाइट गार्ड घ्यावा. मऊ गार्डवर लोक उलट जास्त चावतात. इम्प्लांटवरची कॅप आणखी हळव्या जागेची: नैसर्गिक दाताला चावताना किंचित दबायला मुळाभोवतीचा पडदा असतो, इम्प्लांटला नसतो. तिथे चावा मुद्दाम हलका ठेवावा लागतो.

चंद्रपूर-यवतमाळकडून येणाऱ्या फ्लोरोसिसच्या (पाण्यातल्या जास्त फ्लोराइडमुळे दात डागाळलेल्या) पेशंटांना व्हिनियर, म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचे पातळ पापुद्रे, सर्रास सुचवले जातात. तिथे लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की फ्लोरोसिस झालेल्या एनॅमलचा वरचा थर आम्लाला दाद देत नाही. नेहमीच्या पंधरा-वीस सेकंदांत तो पुरेसा खरबरीत होत नाही, वेळ वाढवावा लागतो किंवा तो थर आधी हलका काढावा लागतो. नाहीतर अर्ध्या मिमीचं फेल्डस्पारचं व्हिनियर टिकायला आधारच उरत नाही, कारण त्याची स्वतःची ताकद जवळजवळ शून्य आहे. ते टिकतं ते निव्वळ एनॅमलला चिकटून. आणि दातांना फ्लोराइड जेल लावायची वेळ आली तर ज्याच्या तोंडात पोर्सिलेन आहे त्याला आम्लयुक्त जेल नको, साधं न्यूट्रल सोडियम फ्लोराइड लावायला सांगा. आम्लयुक्त जेल ग्लेझ खातं.

कुठे करावी, काय विचारावं

नागपुरात मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात आणि हिंगणा रोडवरच्या दंत महाविद्यालयांत काम शिकणारे डॉक्टर करतात आणि वरिष्ठ टप्प्याटप्प्याने तपासतात. खेपा जास्त पडतात, वेळ जातो. पण दात घासल्यावर जागा मोजणं, ट्रायल घेणं, चावा पाहणं हे टप्पे तिथे सहसा गाळले जात नाहीत, आणि टिकाऊपणा याच टप्प्यांत आहे. खासगी दवाखान्यात सोय आणि वेग मिळतो. तिथे पुढचे प्रश्न विचारायला संकोचू नका. चांगल्या डॉक्टरला त्यांचा राग येत नाही.

दात घासून झाल्यावर: जागा किती झाली? डॉक्टर ठरावीक जाडीची लवचीक पट्टी दातांमध्ये ओढून किंवा मेणाचा तुकडा चाववून आणि जाडी मोजून सांगू शकतात. कॅप लॅबमधून आल्यावर: जाडी मोजली का? त्यासाठी कात्रीसारखं छोटं गेज असतं, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. ठोकळा कुठल्या कंपनीचा आणि किती वायचा, कार्ड नंबरसकट. बसवताना: आतली बाजू कशाने तयार केली? घासल्यावर: पॉलिश झालं का? वॉरंटी कार्ड घरी जाऊन नाही, तिथेच वाचा. अनेकदा लॅब फक्त नवी कॅप देते. डॉक्टरची फी, जुनी कापून काढायची मेहनत आणि खाली किडलेला दात यांचा त्यात समावेश असतोच असं नाही.

तुटली तर

टवका लहान असेल आणि चावण्याच्या जागेवर नसेल तर फक्त पॉलिश करून घ्या, नवी कॅप करायची घाई नको. मोठा टवका तोंडातच कॉम्पोझिटने भरता येतो: अॅल्युमिनाचा मारा, आम्ल, सिलेन, धातू उघडा असेल तर त्यावर धातूचा प्रायमर आणि अपारदर्शक थर, मग कॉम्पोझिट. हायड्रोफ्लोरिक आम्ल तोंडात वापरायचं तर रबराचा पडदा लावलाच पाहिजे, हिरडीला लागलं तर खोल भाजतं. ही डागडुजी काही वर्षांची, कायमची नाही. चीर आरपार गेली असेल, दोन तुकडे झाले असतील, तर नवीच. मात्र नवी कॅप तशाच जाडीची करून उपयोग नाही. समोरचा दात थोडा घासून किंवा पदार्थ बदलून जागा काढायला हवी, नाहीतर तुटण्याचं कारण जागच्या जागी राहतं.

अख्खी कॅप निघून हातात आली तर तपासायची गोष्ट एकच: सिमेंट कुठे राहिलं? कॅपच्या आत सिमेंटचा थर शाबूत असेल तर पकड दाताच्या बाजूला सुटली, म्हणजे ओलावा, रक्त किंवा बुटका दात. कॅप आतून कोरीच आणि सिमेंट दातावर असेल तर कॅपची आतली बाजू तयार करताना टप्पा चुकला. दुसऱ्या प्रकारात दात पुन्हा घासायची गरज नसते, तीच कॅप साफ करून नीट बसते. म्हणून निघालेली कॅप ब्रशने आतून घासून, गरम पाण्यात धुऊन दवाखान्यात नेऊ नका. जशी निघाली तशी छोट्या डबीत घाला आणि न्या.